आटणे, पुरणे आणि मासा

नदीतल्या माशांच्या गणिती प्रतिमानांबद्दल वाचत होतो. प्रवाह किती आणि पाणी किती तापले, हे दोन आकडे रोजच्या रोज घालायचे आणि पुढच्या हंगामात मासे किती उरतील ते काढायचे. वाचता वाचता हसू आले. आमच्या जळगाव जामोदच्या दक्षिणेला वाहते ती पूर्णा, म्हणजे भरलेली. पुढे चांगदेवला ती जिला मिळते ती तापी, म्हणजे तापणारी. पुराणात तर ती सूर्याची मुलगीच. पूर्णेचे जुने नाव पयोष्णी मानतात (काही जण ते तापीला देतात). पयस् अधिक उष्ण, कोमट पाण्याची. प्रवाह आणि तापमान, दोन्ही रकाने नावातच भरलेले!

पूर्णा, पूर, पुरणे, पुरेसे आणि पोळीतले पुरण, ही सगळी ‘भरणे’ अर्थाच्या एकाच संस्कृत धातूची लेकरे. श्रावणात नदीला पूर येतो आणि वैशाखात हंड्याला पाणी पुरत नाही. दोन्हीकडे शब्द तोच.

पण मला खरा भावतो तो ‘आटणे’. दूध आटते, नदी आटते, विहीर आटते. व्युत्पत्ती संस्कृत ‘आवर्त्’पर्यंत नेतात, म्हणजे गोल फिरणे. हिंदीतले दूध ‘औटाना’ही तिथलेच. कढईत दूध उलथन्याने फिरवत राहायचे, ते फिरवणे म्हणजे आवर्त. फिरवता फिरवता कमी होणे हा अर्थ मागून आला असावा. गंमत अशी की संस्कृतात आवर्त म्हणजे पाण्यातला भोवराही. भरल्या नदीचा भोवरा आणि कोरड्या नदीचे आटणे एकाच घरातले निघाले.

या एका क्रियापदात ते अख्खे प्रतिमान आहे. धार बारीक झाली की पाणी उथळ होते, उथळ पाणी लवकर तापते, तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. इकडे माशाचे अंग पाण्याबरोबर तापते आणि त्याची भूक ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होते, प्राणवायूचीही. जमा घटते, खर्च वाढतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भर: पाणी आटते तसे त्यातले क्षार घट्ट होतात, खवा व्हावा तसे. अशा डबक्यात रोहू तग धरत नाही. मरळ मात्र दर थोड्या वेळाने वर येते, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेते आणि पुन्हा गाळात जाते.

अशा वेळी माशांची तब्येत तोळामासा असते म्हणावे, तर तो मासा वेगळा. वजनाचा मासा ‘माष’ म्हणजे उडदापासून आला. पाण्यातला मासा मत्स्य, प्राकृत मच्छ, या वाटेने. हिंदीने ‘छ’ राखला आणि मछली केली, मराठीने त्याचा ‘स’ केला. पूछना आणि पुसणे, बछड़ा आणि वासरू, तसेच हे.

आणि डोह. हा संस्कृत ‘ह्रद’चा, प्राकृतात ‘द्रह’, व्रजात कालियादह, आपल्याकडे कालियाचा डोह. (डोहाळ्यांशी त्याचे नाते नाही. ते ‘दोहद’चे, आणि त्याच्या मागे हृदय आहे असे म्हणतात. ह्रद आणि हृद, फक्त ‘र’ आणि ‘ऋ’चा फरक!) प्रतिमान नदीची सरासरी धरते आणि नेमके इथे चुकू शकते. सरासरीने पाणी ३२ अंश असेल, पण डोहाच्या तळाशी, काठच्या झाडांच्या सावलीत, थोडा गारवा उरतो, आणि उन्हाळा काढलेले मासे तिथूनच मृगाच्या पाण्याला चढणीला लागतात. वाळू उपसून डोह सपाट केला तर वर्षाचा प्रवाह कागदावर तेवढाच राहतो.

‘प्रतिमान’मधला ‘मान’ मापाचा. तापमान, पर्जन्यमान, अनुमान त्याचीच भावंडे. बोलताना मात्र आपण ‘अंदाज’ म्हणतो. हा फारसी, ‘फेकणे’ या अर्थाच्या धातूचा. गोलंदाज आणि तीरंदाज यांतला ‘अंदाज’ हाच. आमच्याच तालुक्यात भेंडवळला अक्षय्यतृतीयेला शेतात घट मांडतात. मधे चार ढेकळे ठेवतात, पावसाळ्याचे महिने चार म्हणून, आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणते ढेकूळ किती भिजले ते वाकून बघतात आणि त्या महिन्याचे पर्जन्यमान सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण आकडे घालून उत्तर काढणाऱ्यांनाही सुरुवात तिथूनच करावी लागते: कोणत्या महिन्यात किती पाणी.