आधी ओळख, मग नेम

परवाच्या वीकांताला त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना मित्राने विचारलं, "शत्रूचे पन्नास ड्रोन आले, आपण पन्नास सोडले. कोणी कोणाला पाडायचं हे ठरवतं कोण?" (दोन आयटीवाले डोंगरावर गेले की असंच होतं!)

प्रश्न तसा जुनाच. १९४० साली ब्रिटनवर जर्मन विमानं येऊ लागली तेव्हा रडारची आणि निरीक्षकांची माहिती एका मोठ्या नकाशावर मांडली जाई आणि तिथूनच लढाऊ विमानांना हुकूम जात. आपल्याकडे हवाई संरक्षणाचं तोफखाना शिक्षण १९८९ पर्यंत इथून जवळच, देवळालीला होतं. मग ते ओडिशात गोपाळपूरला गेलं. तिथेच मे २०२५ मध्ये नागपूरच्या 'भार्गवास्त्रा'ची चाचणी झाली. ड्रोनच्या थव्यावर छोटी रॉकेटं सोडणारी ही यंत्रणा.

पण ड्रोननेच ड्रोन पाडायचे, तर एकच नकाशा धोक्याचा. संपर्क तुटला की सगळेच आंधळे. म्हणून निर्णय ड्रोनांमध्येच वाटून देतात. एक रीत लिलावाची, १९७९ साली दिमित्री बर्टसेकस यांनी मांडलेली. प्रत्येक ड्रोन लक्ष्यावर बोली लावतो. जो जवळ, ज्याची बॅटरी जास्त, त्याची बोली वरची. हरलेला दुसरं लक्ष्य धरतो. लासलगावचा कांद्याचा लिलाव आठवा, फक्त हा डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो.

मात्र समोरचा माल कोणाचा, हे बोली सांगत नाही. ६ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले असताना, ब्रिटिश स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक वैमानिक गेला. आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. हवाईदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ती आपली मोठी चूक होती, असं हवाईदल प्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं.

तिथे आकाशात एकच हेलिकॉप्टर होतं. इथे शंभर ड्रोन एकमेकांत मिसळलेले असणार, आणि निर्णय यंत्र घेणार.

उतरताना मित्राला म्हटलं, लिलावाचा कोड मी एका महिन्यात लिहून देईन. "हा आपला की परका" एवढं ठरवणाऱ्या भागाला मात्र किती वर्षं टेस्टिंग लागेल, ते मला सांगता येणार नाही. नेम चुकला तर दुसरा ड्रोन सोडता येतो. ओळख चुकली की रोलबॅक नाही.