शिक्षकाचे व्रत आणि एक जुना वाद

आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली आज अध्यापक विद्यालयांतून शिक्षण घेत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. शिकवावे कसे, हे त्यांना तेथे समजते. परंतु शिक्षकाच्या वेळेवर व श्रमांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न प्रमाणपत्राने सुटत नाही. थोरामोठ्यांनाही तो अवघड गेला. तो इतिहास या तरुण मंडळींपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

सन १८७९ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत टिळक व नामजोशी यांच्या साह्याने पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर पुढे त्यांस येऊन मिळाले. आगरकरांचे घर गरिबीचे. तरीही आपल्या मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी मातोश्रींस पत्राने कळविले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. आजीव सभासदाने दरमहा ७५ रुपयांत संतोष मानून वीस वर्षे सेवा करावी, असा दंडक होता.

पुढे वाद निघाला तो उरलेल्या वेळेचा. सभासदाने बाहेरची कामे करू नयेत, त्याची सारी शक्ती संस्थेचीच, असे टिळकांचे म्हणणे. नेमलेले काम चोख बजावल्यावर उरला वेळ ज्याचा त्याचा, असे इतरांचे मत. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, तेव्हा हा वाद विकोपास गेला. या व अन्य मतभेदांमुळे टिळकांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. तथापि गोखले १९०२ पर्यंत शिकवीत राहिले. आगरकरांनी १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्राचार्यपद सांभाळले.

कोणाचा पक्ष खरा, याचा निवाडा आम्ही करीत नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की वर्गातील काम प्रथम, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नव्हते.

शिक्षकाने खाजगी शिकवणी करू नये, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे. तरीही सोयरीक जुळविताना मुलगा शिक्षक आहे असे कळले, की 'वरच्या शिकवण्या किती?' असा प्रश्न आपल्याच घरांतून निघतो. सकाळी वर्गात हातचे राखून ठेवलेले ज्ञान संध्याकाळी पैसे घेऊन दिले, तर ज्याच्या पालकाजवळ पैसा नाही तो विद्यार्थी कोठे जाईल? त्याची हानी कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. म्हणूनच ती शिक्षकाच्या मनास टोचली पाहिजे.

कायदा मनाई करील. वृत्ती घडविणार नाही. ती नेमणूकपत्र हाती येण्यापूर्वीच घडलेली असावी. आमच्या तरुण बंधुभगिनींनी हा विचार आजच करावा, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांस तो करू द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.