विद्यार्थ्याचें दप्तर आणि राज्यघटना

ता. ७ मार्च १९८० रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, पिस्कॅटावे येथील विद्यालयांत, दोन मुली प्रसाधनगृहांत सिगारेट ओढतांना एका शिक्षिकेस आढळल्या. त्यांपैकीं १४ वर्षांच्या एका मुलीनें आरोप साफ नाकारला. तेव्हां साहाय्यक उपमुख्याध्यापकांनीं तिची पिशवी उघडली. आंत सिगारेटचें पाकीट निघालें. तें उचलतांच सिगारेट वळण्याचे कागद दिसले, म्हणून त्यांनीं सारी पिशवी धुंडाळली. गांजा, सुट्या डॉलरच्या नोटा व पैसे देणें असलेल्या विद्यार्थ्यांची यादी हातीं आली आणि प्रकरण बालन्यायालयांत गेलें.

मुलीचा अपराध उघड दिसत होता. वादाचा विषय मात्र निराळा होता. पिशवी उघडण्याचा अधिकार शाळेस कोणीं दिला? अमेरिकन घटनेची १७९१ सालची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून लोकांचें रक्षण करते. पण शाळेच्या आवारांतील मुलासहि तें रक्षण आहे काय? अठराव्या शतकांतील इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टन यानें असें मांडिलें होतें कीं, बाप आपल्या अधिकाराचा कांहीं भाग गुरूकडे सोंपवितो. बापास मुलाची पेटी उघडावयास वॉरंट लागत नाहीं. मग गुरूस तरी कां लागावें?

ता. १५ जानेवारी १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें याचें उत्तर दिलें. न्यायमूर्ति बायरन व्हाइट यांनीं लिहिलेल्या निकालाप्रमाणें, सरकारी शाळेचे शिक्षक केवळ बापाच्या नव्हे, तर राज्यसंस्थेच्या वतीनें वागतात; म्हणून घटना त्यांनाहि बांधते. तथापि शाळेची शिस्त राखावयाची तर वॉरंटची अट घालून चालणार नाहीं. कसोट्या दोन: आरंभींच संशयास वाजवी कारण हवें, आणि झडतीची व्याप्ति मुलाचें वय, लिंग व अपराधाचें स्वरूप यांच्या मानानें बेताची हवी. ती झडती या कसोट्यांस उतरली व मुलगी हरली. परंतु विद्यार्थ्यास घटनेचें संरक्षण आहे, हें ठरून गेलें.

पुढें शाळांतून शस्त्रें येऊं लागलीं, तेव्हां त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क शहरांतील कांहीं विद्यालयांच्या दारांशीं धातुशोधक यंत्रें आलीं. येथें कोणा एकावर संशय नसतां सरसकट तपासणी होते. ती क्षणभराची, सर्वांस सारखी आणि अनर्थ टाळण्यासाठीं आहे, म्हणून अनेक न्यायालयांनीं मान्य केली. अशा रीतीनें पहिली कसोटी दारांतच बाजूस पडली आणि सारा भार दुसरीवर आला.

तिचें मोल २००३ सालीं ॲरिझोना राज्यांत दिसून आलें. वेदनाशामक गोळ्या लपविल्याच्या संशयावरून १३ वर्षांच्या एका मुलीस अंतर्वस्त्रांपर्यंत झडती द्यावी लागली. गोळी एकहि सांपडली नाहीं. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ८ विरुद्ध १ मतांनीं ती झडती घटनाबाह्य ठरविली. मात्र त्या वेळीं कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून शाळेच्या अधिकाऱ्यांस व्यक्तिशः जबाबदार धरलें नाहीं.

मूल शाळेंत सुखरूप राहावें ही आईबापांची मागणी न्याय्य आहे. त्याच्याकडे चोर म्हणून पाहिलें जाऊं नये, हीहि तितकीच न्याय्य आहे. पहिलीस यंत्राचें साहाय्य होईल. दुसरी मात्र दप्तर उघडणाऱ्याच्या संयमावरच अवलंबून राहते.