विज्ञानाचा पाठ कोण आखतो? इन्स्ट्रक्शनल डिझायनरचे काम

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. इथल्या मुलांनी भरती-ओहोटी रोज पाहिलेली असते. पण आज दहाला पूर्ण भरती होती, तर उद्या किती वाजता असेल आणि का, हे विचारले की विज्ञानाचा पाठ सुरू होतो. असे पाठ आखणे हा आज स्वतंत्र व्यवसाय आहे. तो करणाऱ्याला इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात.

पाठ टाचणापेक्षा वेगळे काय?
पाठ टाचण शिक्षक आपल्या वर्गासाठी काढतात. डिझायनरने आखलेला पाठ त्याला कधी न भेटलेले शिक्षक वापरतात. म्हणून त्यात वेळ, साहित्य, विचारायचे प्रश्न आणि मुले कुठे चुकू शकतील हेही लिहावे लागते.

भरतीचा पाठ कसा आखला जातो?
- आधी शेवट: पाठ संपल्यावर मुलाने उद्याच्या भरतीची वेळ कारणासह सांगावी.
- मग पुरावा: ते जमले हे कशावरून कळेल? आठवडाभराच्या नोंदींवरून मुलाने स्वतः अंदाज बांधावा.
- शेवटी कृती: शिक्षकांसोबत, पाण्यात न उतरता, दिवसाच्या भरतीची वेळ रोज टिपायची. ती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे जाते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्रही पुढे सरकलेला असतो.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामी येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा. हा हिशेब रोज 45 मिनिटेच धरतो. तो नोंदींशी किती जुळतो हे मुलांनीच तपासायचे.

अपेक्षित चूक: ‘भरती फक्त चंद्राकडच्या बाजूला येते.’ तसे असते तर दिवसातून दोनदा भरती का येते, हा प्रश्न पाठात तयार हवा.

समुद्र नसलेल्या गावाचे काय?
गडचिरोलीतल्या वर्गाला किनारा नाही. तिथे मुले चंद्र उगवण्याची वेळ टिपतील. तीही रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे जाते. कृती बदलली, तरी चंद्र रोज पुढे सरकतो हे दोन्ही ठिकाणी कळते. डिझायनरचे कसब इथेच दिसते.

महाराष्ट्रातले उदाहरण
मुंबईतले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये सुरू झाले. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. तिथे जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही मालिका तयार केली. त्यात पाठ्यपुस्तकाबरोबर कार्यपुस्तिका आणि शिक्षकांसाठी वेगळे पुस्तकही आहे.

या क्षेत्रात कसे येतात?
विज्ञानाची पदवी, बी.एड. आणि वर्गात शिकवल्याचा अनुभव उपयोगी पडतो. काम ई-लर्निंग कंपन्या, प्रकाशन संस्था आणि शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये मिळते. सोपे, नेमके मराठी लिहिता येणे ही जमेची बाजू. पाठ खऱ्या वर्गात करून पाहणे मात्र टाळता येत नाही. मुले जिथे अडतात, तिथे आधी पाठ दुरुस्त करायचा असतो.