मधुचंद्र पर्यटन

मधुचंद्र पर्यटन म्हणजे विवाहानंतर नवदांपत्याने एकत्र केलेला प्रवास आणि त्यासाठी लागणाऱ्या निवास, वाहतूक व मार्गदर्शन या सेवांचा व्यवसाय. इंग्रजीतील ‘हनिमून’ या शब्दाच्या धर्तीवर मराठीत ‘मधुचंद्र’ हा शब्द रूढ झाला. १९६७ साली राजदत्त दिग्दर्शित याच नावाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. आशियातील एखादे महानगर व एखादे समुद्री बेट यांना जोडणारी सहल हा या पर्यटनाचा महागडा प्रकार होय. महाराष्ट्रातील दांपत्यांच्या बाबतीत तिचे नियोजन मुख्यतः दोन दिनदर्शिकांवर अवलंबून असते: विवाहमुहूर्तांची आणि मोसमी वाऱ्यांची.

पार्श्वभूमी

विवाहानंतर जोडप्याने कुलदैवताच्या दर्शनास जाणे ही महाराष्ट्रातील जुनी प्रथा आहे. वऱ्हाडात विवाह आणि प्रवास यांचा संबंध रुक्मिणीच्या कथेतही आढळतो. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तेथून ती समुद्रकाठच्या द्वारकेला गेली, अशी कथा आहे. याच जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूर येथे तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने महदंबेने ‘धवळे’ रचले. श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाह हा त्यांचा विषय आहे.

ब्रिटिश काळात महाबळेश्वर व माथेरान ही थंड हवेची ठिकाणे विकसित झाली आणि पुढे मध्यमवर्गीय नवदांपत्ये तेथे जाऊ लागली. वऱ्हाडातील जोडप्यांसाठी मेळघाटातील सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे चिखलदरा हे जवळचे ठिकाण ठरले. १९८४ मध्ये स्थापन झालेली केसरी टूर्स आणि २०१३ मध्ये स्थापन झालेली वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी पर्यटनसंस्थांमुळे परदेशी सहली मराठी कुटुंबांच्या अधिक आवाक्यात आल्या.

मुहूर्त आणि ऋतू

परंपरेनुसार चातुर्मासात विवाह होत नाहीत. तुळशीविवाहानंतर मुहूर्त सुरू होतात. मार्गशीर्ष ते फाल्गुन आणि वैशाख-ज्येष्ठ असे विवाहांचे दोन मुख्य काळ असून पौषात मुहूर्त कमी असतात. वऱ्हाडात पेरणीपूर्वी शेतीची कामे कमी असल्याने आणि शाळांना सुट्टी असल्याने उन्हाळी विवाहांचे प्रमाण मोठे आहे. आशियातील बेटांवर कोरडा ऋतू मात्र एकाच वेळी नसतो. त्यामुळे विवाहाची तिथी ठरताच बेटांची निवड बरीचशी मर्यादित होते.

• नोव्हेंबर ते एप्रिल : थायलंडचा अंदमान समुद्राकडील किनारा (फुकेत, क्राबी), मलेशियातील लंकावी आणि व्हिएतनाममधील फू क्वोक. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल हा काळ तुलनेने कोरडा असतो.
• एप्रिल ते ऑक्टोबर : इंडोनेशियातील बाली व लोंबोक.
• श्रीलंका : नैर्ऋत्य किनारा (बेंटोटा, मिरिसा) डिसेंबर ते मार्च, तर पूर्व किनारा (त्रिंकोमाली) मे ते सप्टेंबर.
• थायलंडच्या आखातातील को समुई : येथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा अधिक पावसाचा काळ असतो.

यानुसार वैशाखात विवाह झालेल्यांना बाली, तर मार्गशीर्षात विवाह झालेल्यांना मालदीव किंवा फुकेत हवामानाच्या दृष्टीने अनुकूल ठरते. पावसाळी महिन्यांत आलिशान निवासांचे दर उतरतात. परंतु समुद्र खवळलेला असल्यास नौकाप्रवास व पाण्याखालील विहार बंद ठेवले जातात.

स्थानिक सणांचाही परिणाम होतो. बालीमध्ये शक नववर्षानिमित्त पाळल्या जाणाऱ्या ‘न्येपी’ या मौनदिनी विमानतळ २४ तास बंद असतो आणि पर्यटकांनाही निवासाबाहेर पडता येत नाही. हा दिवस गुढीपाडव्याच्या आसपास किंवा काही वर्षी त्याच दिवशी येतो. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चला होते. थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल या काळात ‘सोंगक्रान’ हा नववर्षाचा जलोत्सव असतो.

प्रवासाची रचना

साधारणतः शहरात दोन-तीन आणि बेटावर तीन-चार रात्री अशी आखणी केली जाते. बँकॉक-फुकेत, सिंगापूर-बाली आणि क्वालालंपूर-लंकावी या प्रचलित जोड्या आहेत. खराब हवामानात बेटावरील नौका रद्द होऊ शकते. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र विमानतळाच्या शहरात ठेवणे सोयीचे असते. श्वसनसंचासह खोल पाण्यात बुडी मारल्यानंतर साधारण १८ ते २४ तास विमानप्रवास टाळण्याचा सल्ला दिला जातो.

मालदीवमध्ये अनेक आलिशान निवास स्वतंत्र बेटांवर आहेत. दूरच्या बेटांवर पोहोचवणारी सागरी विमाने केवळ दिवसा उडतात. त्यामुळे सायंकाळी माले येथे उतरणाऱ्या प्रवाशांना एक रात्र तेथेच किंवा हुलहुमाले येथे काढावी लागते. सागरी विमानाचे भाडे निवासाच्या दरात समाविष्ट नसल्यास एकूण खर्च बराच वाढतो. मद्य तसेच पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेण्यास मनाई आहे.

अमरावती जिल्ह्यातून प्रवास

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. त्याआधी रिद्धपूर, मोर्शी व परिसरातील प्रवाशांना नागपूर विमानतळ किंवा अमरावती-मुंबई रेल्वे हे मुख्य पर्याय होते. नागपूरहून होणारी आंतरराष्ट्रीय उड्डाणे मुख्यतः आखाती देशांकडे असल्याने आग्नेय आशियासाठी मुंबई, दिल्ली किंवा अन्य महानगरातून पुढे जावे लागते. विवाहाच्या दुसऱ्याच दिवशीचे तिकीट काढल्यास सत्यनारायण, देवदर्शन व मांडवपरतणी हे विधी आणि प्रवास यांची सांगड घालणे कठीण होते.

कागदपत्रे आणि करआकारणी

बहुतेक आशियाई देश पारपत्राची किमान सहा महिन्यांची वैधता मागतात. विमानतिकिटावरील नाव पारपत्रावरील नावाशी जुळणे आवश्यक असते. त्यामुळे विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या वधूचे जुने पारपत्र वैध असल्यास तिकीटही जुन्याच नावाने काढले जाते. स्त्रीने विवाहानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार होते.

मालदीव भारतीय पर्यटकांना आगमनानंतर विनाशुल्क प्रवेशपरवाना देतो. थायलंड व मलेशिया यांनी २०२३ च्या अखेरीस भारतीयांना प्रवेशपरवान्यातून सूट दिली. सिंगापूरसाठी परवाना आधी घ्यावा लागतो. हे नियम वारंवार बदलतात.

परदेशी सहलीच्या रकमेवर पर्यटनसंस्था स्रोतावरील कर गोळा करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढील रकमेवर २० टक्के असा दर लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख करण्यात आली. दर व मर्यादा अर्थसंकल्पानुसार बदलतात. हा कर विवरणपत्रात समायोजित करता येतो; मात्र प्रवासापूर्वी तितकी रोख रक्कम हाती असावी लागते.

सामाजिक संदर्भ

विवाहखर्चाचा प्रश्न वऱ्हाडात जुना आहे. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनांतून सण-समारंभासाठी कर्ज काढण्यास विरोध केला, तर तुकडोजी महाराजांनी साध्या विवाहांचा पुरस्कार केला. कापूस, सोयाबीन व संत्रा यांच्या भावावर उत्पन्न अवलंबून असलेल्या कुटुंबांत विवाहापाठोपाठ हप्त्यांवर घेतलेली सहल हा नवदांपत्याच्या संसारावरील पहिला ऋणभार ठरू शकतो. दुसरीकडे, एकत्र कुटुंबात जाणाऱ्या वधूला पतीशी मोकळेपणाने बोलण्याचा पहिला एकांत अशा प्रवासात मिळतो. हा हेतू चिखलदऱ्यासारख्या जवळच्या ठिकाणीही साध्य होत असल्याने काही जोडपी विवाहानंतर लगेच लहान सहल करतात आणि परदेशप्रवास पुढील वर्षी अनुकूल ऋतूत ठेवतात.