मुलाच्या हातून अपघात, भरपाई कोणाची? कौटुंबिक मोटारविम्याचा इतिहास (दीर्घ धागा)

अमेरिकेत घरातले सोळा-सतरा वर्षांचे मूल मोटार चालवू लागले, की आईवडिलांना ते विमा कंपनीला कळवावे लागते. विमापत्रावर मुलाचे नाव चढते आणि त्याबरोबर हप्ताही चांगलाच वाढतो. आज ही केवळ घरखर्चाची बाब वाटते. पण विमापत्रावर ती एक ओळ येण्यापूर्वी अमेरिकी न्यायालये कित्येक वर्षे एका प्रश्नाशी झगडत होती: मुलाने मोटारीखाली माणूस चिरडला, तर बाप जबाबदार कसा?

इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या कॉमन लॉची भूमिका याबाबत स्पष्ट होती. केवळ बाप आहे एवढ्या कारणावरून मुलाच्या अपकृत्याची भरपाई बापाकडून मागता येत नसे. घोडागाडीच्या काळात हे तत्त्व निभावून गेले. घोडा बुजून कोणी जखमी होई. पण संध्याकाळच्या फेरफटक्यात चार माणसे जायबंदी करण्याचे सामर्थ्य सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती सहसा नसे.

ते सामर्थ्य मोटारीने दिले. १८९८ मध्ये बफेलो शहरातील डॉ. ट्रुमन मार्टिन यांनी ट्रॅव्हलर्स या कंपनीकडून मोटारीसाठी विमा घेतला. अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या मोटारविम्यांत त्याची गणना होते. त्या वेळी मोटार ही डॉक्टर-सावकारांची चैन होती. १९०८ मध्ये फोर्डची 'मॉडेल टी' आली, किमती उतरत गेल्या आणि दहा वर्षांत मोटार शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचली. एक गाडी आणि ती चालवायला उत्सुक असलेली तीन-चार मुले, असे चित्र घरोघरी दिसू लागले.

पायी चालणारा जखमी झाला की तो न्यायालयात जाई. गाडी मुलगा चालवत होता, पण मुलाच्या नावावर काहीच नसे. निकाल बाजूने लागूनही हातात दमडी पडत नसे. मालमत्ता बापाची, आणि बाप कायद्याच्या कक्षेबाहेर.

वकिलांनी प्रथम एक धाडसी युक्तिवाद करून पाहिला. वाघ-सिंह पाळणाऱ्यावर जशी कडक जबाबदारी येते, तशी मोटार बाळगणाऱ्यावरही यावी! जॉर्जियातील न्यायालयाने १९०७ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. क्रौर्य असलेच तर ते यंत्रात नसून चालवणाऱ्यात असते, असा काहीसा मिश्किल सूर त्या निकालात आहे. फ्लोरिडाने मात्र १९२० मध्ये उलट कौल दिला आणि मोटार ही धोकादायक वस्तूच आहे असे मानून मालकाला जबाबदार धरले.

इतर अनेक राज्यांनी निराळी वाट काढली, आणि कायद्याच्या इतिहासातील ही एक विलक्षण कल्पना म्हणावी लागेल. नोकराने धन्याचे काम करताना नुकसान केले तर धनी जबाबदार, हे जुने तत्त्व होते. न्यायालयांनी मुलाला त्या नोकराच्या जागी बसवले. बापाने गाडी घेतली ती कुटुंबाच्या सुखासाठी. कुटुंबाला सुख देणे हे बापाचे 'काम'. म्हणून मित्रांना घेऊन हुंदडायला निघालेला मुलगा त्या क्षणी बापाचेच काम करत असतो! या तत्त्वाला 'फॅमिली पर्पज' म्हणजे कौटुंबिक प्रयोजनाचा सिद्धांत असे नाव मिळाले.

सर्वांना ही कसरत पटली नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९१७ मध्ये 'व्हॅन ब्लॅरिकम विरुद्ध डॉजसन' या खटल्यात ती नाकारली. स्वतःच्या मौजेसाठी गाडी नेणारा सज्ञान मुलगा बापाचा नोकर कसा ठरतो, हा त्या न्यायालयाचा आक्षेप तर्काच्या दृष्टीने बिनतोड होता. पुढच्याच वर्षी टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'किंग विरुद्ध स्माइथ' मध्ये सिद्धांत स्वीकारला, आणि त्यामागचे खरे कारणही उघडपणे मांडले. गाडी ज्याच्या पैशाने आली, त्याच्याकडेच भरपाईची ऐपत असते; मुलावर सोडून दिले तर जखमी माणूस वाऱ्यावर पडतो. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर न्यूयॉर्कचा निकाल अधिक शास्त्रशुद्ध ठरतो आणि टेनेसीचा अधिक न्याय्य. पुढे न्यूयॉर्कच्या विधिमंडळालाही ते उमगले असावे. १९२४ मध्ये तिथे कायदाच झाला: मालकाच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्याच्या हलगर्जीला मालक जबाबदार. मुलगा, मेहुणा, शेजारी असा भेदच उरला नाही.

आता घाबरण्याची पाळी बापांची होती, आणि त्या भीतीतून विम्याला गिऱ्हाईक मिळाले. विमापत्रांत 'ऑम्निबस' कलम रूढ झाले: मालकाबरोबरच त्याच्या संमतीने गाडी चालवणारी व्यक्तीही विम्याच्या छत्राखाली. मॅसॅच्युसेट्सने १ जानेवारी १९२७ पासून मोटारविमा सक्तीचा केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. १९५६ मध्ये 'फॅमिली ऑटोमोबाइल पॉलिसी' या नावाचे नमुनापत्रच बाजारात आले. घरात राहणारे नातेवाईक त्यात आपोआप विमाधारक गणले गेले.

म्हणजे 'नोकर' ठरवला गेलेला मुलगा चाळीस वर्षांत 'विमाधारक' झाला. परंतु विमा कंपनी हिशेबाची पक्की. मूल छत्राखाली येणार असेल तर त्याची किंमत लावली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर पंचवीस वर्षांखालील चालकांचा, त्यातही मुलग्यांचा, स्वतंत्र आणि महाग वर्ग रुळला. पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावी एमॉस नेहार्ट यांनी १९३४ मध्ये माध्यमिक शाळेत वाहनशिक्षणाचा वर्ग सुरू केला होता. अशा वर्गांना जाणाऱ्या मुलांना हप्त्यात सवलत मिळू लागली. पुढे चांगले गुण मिळवणाऱ्यांनाही. ज्या बापांना हे सारे परवडेना, त्यांच्यासाठी काही राज्यांत आणखी एक पर्याय निघाला: घरातील अमुक व्यक्ती गाडी चालवणार नाही असे विमापत्रावर नाव घालून लिहून देणे. अशा 'वगळलेल्या' मुलाने गाडी काढली आणि अपघात केला, तर जखमी माणूस पुन्हा १९१० च्या सुमारास जिथे उभा होता तिथेच येऊन उभा राहतो.

वय आणि लिंग पाहून दर लावणे योग्य का, हा वाद पुढे पेटला. हवाईत वय, लिंग आणि अनुभवाचा काळ या तिन्हींवरून दर ठरवण्यास कायद्याने मनाई आहे. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी लिंगाधारित दर अवैध ठरवले. ब्रिटनमध्ये मात्र निराळेच दुखणे आहे: गाडी रोज मुलगा चालवतो, पण मुख्य चालक म्हणून नाव आईचे लावले जाते. याला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि तो विम्यातील गैरव्यवहार मानला जातो.

भारतात मुलाचे नाव जोडण्याचा हा प्रकारच दिसत नाही. ब्रिटनच्या १९३० च्या कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा केला. आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच वळणाचा. त्यातील विम्याचे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. इथे विमा गाडीला चिकटतो, माणसाला नाही. वैध परवाना असलेली कोणीही व्यक्ती मालकाच्या संमतीने चालवत असेल तर संरक्षण आहेच. अठरा वर्षांचा मुलगा परवाना घेऊन बापाची गाडी काढतो, तेव्हा हप्त्यात एक रुपयाही वाढत नाही.

अठराच्या आतल्यांसाठी पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीची फट तेवढी ठेवलेली आहे. कायनेटिकची 'लूना' १९७२ मध्ये आली ती याच पन्नास सीसीची. चारचाकीला मात्र मुभा नाही. त्यामुळे अल्पवयीन मुलाने मोटार चालवली तर विम्याची अट मोडते. तरीही जखमी माणूस उघड्यावर पडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात 'आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा' ही वाट पक्की केली. अल्पवयीन चालकाच्या एका प्रकरणात २०११ मध्येही विमा कंपनीला वसुलीचा हक्क मिळाला. टेनेसीने जे नोकराचे रूपक वापरून साधले, ते इथे वसुलीच्या आदेशाने साधले गेले.

अमेरिकेत बापाच्या जबाबदारीची किंमत हप्त्यात मोजली गेली. भारतात ती किंमत कधी लागलीच नाही, आणि प्रश्न अखेर फौजदारी कायद्याकडे गेला. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ लागू आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी मानला जातो. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला मात्र वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. अमेरिकी विमा कंपन्यांनी 'तरुण चालक' या वर्गाची रेघ ओढली होती, तीही पंचविसाव्याच वर्षी.