सुट्या भागांची मुलूखगिरी

निजामाच्या अमलातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या बीड जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी आगगाडी यावयास त्याच तारखेचा २०२५ सालचा दिवस उजाडावा लागला. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत परळीकडचा भाग सोडता येथील रहदारीचा भार एस. टी.ने, आणि एस. टी. जेथे थांबत नसे तेथे मोटारसायकलने वाहिला, हे ध्यानी घेतल्यावाचून जुन्या गाडीसाठी मोडीतला भाग धुंडाळण्याच्या वहिवाटीचे गांभीर्य कळणार नाही.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी १९७३ पासून रस्त्यावर आली. गियरची दांडी आत दाबून उभी केली की तीच किक होई. १९९६ साली कारखाना बंद पडला, तरी गेवराई-पाटोद्याच्या वाटांवरील येझद्या चालतच राहिल्या. आणि ज्या गाडीचा उगमच आटला, तिचा भाग अशाच दुसऱ्या मृत गाडीच्या देहातून काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, परंतु ते नवे इंजिन चार स्ट्रोकचे असल्याने त्याचा पिस्टन जुन्या गाडीच्या धन्याला काडीइतकाही उपयोगी नाही.

खरा शोध असतो तो सिलिंडरचा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील ब्लॉकचा. मूळ व्यास ६५ मिलिमीटर. झीज झाली की लेथवर पाव-पाव मिलिमीटरने बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवायचा, आणि भिंत पुरेशी जाड उरली नाही की थांबायचे. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात, जो रविवारी व बुधवारी भरतो, भंगाराच्या ढिगापुढे उकिडवा बसलेला जाणता मिस्त्री प्रथम भाव विचारीत नाही. तो ब्लॉक उजेडाकडे धरतो, वरच्या काठापासून अंगठ्याचे नख आत उतरवितो, आणि रिंग जेथवर पोहोचते त्या रेषेवर नख अडकले की किती झीज झाली हे ओळखून तो ब्लॉक मुकाट्याने खाली ठेवतो. नख न अडकता सरकले, तरच घासाघीस सुरू होते.

अलीकडे शहरी हौशी संग्राहक हेच ब्लॉक चढ्या किमतीने उचलू लागले आहेत. त्यांच्या हौसेचा मला आदर आहे, पण ज्याच्या दुधाच्या कॅनी रोज त्याच गाडीवर जातात त्याचा हक्क आधीचा, असे माझे स्पष्ट मत आहे. बीडमधील एका वृद्ध मिस्त्रींचेही तेच मत असावे. कधीही बोअर न केलेला एक ब्लॉक त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. दिवाणखान्यात ठेवायच्या गाडीसाठी कुणी तो मागितला, तर ते फडक्याची गाठसुद्धा सोडीत नाहीत.